एकोणीस उलटे शिक्के

बस चुकली ती माझ्या चष्म्यामुळे. ओलं बर्फ पडत होतं — ना धड पाऊस, ना धड हिम — आणि काचा पुसण्यात मी नेमकी ती चाळीस सेकंदं घालवली. पुढची बस एक तास पन्नास मिनिटांनी होती. थांब्याला छप्पर नव्हतं. समोर रेशमाची एक जुनी वखार होती आणि तिच्या दारावर पाटी: 'हिनोसावा स्थानिक इतिहास संग्रहालय. उघडे आहे.' त्याखाली खडूने, बारीक अक्षरांत: 'खरंच उघडे आहे.'

मी दार सरकवलं, बूट काढले. मांडणीत एकही सपात नव्हती. इतक्यात जिन्यावरून धडधड आवाज आला.

"थांबा, थांबा! फरशी गार आहे!"

एक उंच माणूस दोन पायऱ्या एका वेळी उतरत आला. त्याच्या हातात सपातांची जोडी होती.

"माफ करा हं. शेगडीपाशी वाळत घातल्या होत्या. आज गुरुवार ना, गुरुवारी कुणी येत नाही."

"मग कुठल्या वारी येतात?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "तसं पाहिलं तर... बाकीच्या वारीही येत नाहीत."

सपाता उबदार होत्या. हे मला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

तिकिटाच्या टेबलामागे त्याची आई विणत बसली होती. "दोनशे येन," ती म्हणाली. "आणि पोरी, वहीत नाव लिही. जन्मतारीखही लिही, म्हणजे सभासद झालीस. पुढच्या वेळी फुकट."

"आई, त्या पुढच्या वेळी येतील कशावरून?"

"म्हणून तर फुकट म्हटलं."

मी लिहिलं. त्याने उलट्या बाजूने वाचलं. "कुसाका शिओरी... शिओरी म्हणजे वाचनखूण. छान. शोवा चौसष्ट, पाच जानेवारी." मग एकदम वर पाहिलं. "शोवा चौसष्ट!"

हे मला पाठ होतं. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे होतं. आमच्याकडे वर्ष सम्राटांच्या शकाने मोजतात. शोवा शकाचं चौसष्टावं वर्ष १९८९ साली जेमतेम सात दिवस चाललं. सात जानेवारीला जुने सम्राट गेले, त्याच दुपारी नव्या शकाचं नाव जाहीर झालं आणि आठ तारखेपासून हेइसेइचं पहिलं वर्ष लागलं. त्या सात दिवसांत जन्मलेले आम्ही थोडे.

"मग तुम्हाला इथेच ठेवून घ्यायला हवं," तो म्हणाला. "वरच्या काचेच्या कपाटात जागा आहे."

"काच बंद करणार?"

"छे. कुलूप बिघडलंय."

त्याचं नाव तोगाशी वातारु. आईचं किनु. संग्रहालयात याखेरीज गवती बूट होते, रेशमाच्या किड्यांचे ट्रे, बर्फावरून लाकडं ओढायची घसरगाडी आणि माडीवर एका लांब मेजावर एक्केचाळीस वह्या. त्यांच्यावर पाटी होती, तशीच एक बाहेर भिंतीवरही होती: 'हिनोसावाची बर्फवही. १२८ हिवाळे. एकही सकाळ न चुकता.'

मी विद्यापीठाच्या हिम-प्रयोगशाळेत काम करते. दुसऱ्यांच्या नोंदींतली भोकं बुजवण्यात माझी सात वर्षं गेली आहेत. कुठे यंत्र गोठलेलं, कुठे नोंदणारा आजारी. त्या वह्यांपुढे मी उभीच राहिले. तोगाशी घराण्यातलं कुणीतरी मेइजी चोवीसपासून, म्हणजे १८९१पासून, एक नोव्हेंबर ते तीस एप्रिल, रोज सकाळी सातला मागच्या अंगणातल्या खांबापाशी जाऊन बर्फाची उंची मोजत होतं. तारीख, आकडा आणि पुढे घराण्याच्या नावाचा छोटा गोल लाल शिक्का, आमच्याकडे सहीऐवजी मारतात तो.

"आता कोण मोजतं?"

"मी," वातारु म्हणाला. "माझ्याआधी आई. बायकांत ती पहिली. बाबा हिवाळ्यात तोक्योला बांधकामावर जायचे, मग आजोबांनी सुनेच्या हातात काठी दिली."

पुढची बसही मी चुकवली. या वेळी चष्म्याचा काही संबंध नव्हता.

मग दर गुरुवारी मी येऊ लागले. एकेक वही तपासायची, आकडे संगणकात भरायचे. दोन तास बसने यायचं, दोन तास परत. वातारु समोर बसून जुन्या चिठ्ठ्यांना चिकटपट्टी लावायचा आणि मध्येच काहीतरी बोलायचा.

"कुसाकासान, तुम्ही हसता तेव्हा आधी आकडा पूर्ण लिहिता."

"मग?"

"मग काही नाही. मी नोंद ठेवतोय."

एकदा मी विचारलं, त्याला सगळ्यात जुनं काय आठवतं.

"समुद्र," तो लगेच म्हणाला. "करडा, हिवाळ्यातला. खूप वारा. आई संत्रं सोलून एकेक फोड माझ्या तोंडात घालतेय. गंमत अशी, की लहानपणी मी समुद्र पाहिलाच नाही. आई म्हणते, तुला स्वप्न पडलं असेल."

खालून किनुबाईंचा आवाज आला, "वातारु! गप्पा नंतर मार. ती पोरगी कामाला आलीय!"

जानेवारीत नगरपालिकेचं पत्र आलं. मार्चअखेर संग्रहालय बंद. वस्तू शाळेच्या व्यायामशाळेमागच्या कोठीत ठेवणार. एकच वाट उरली होती. बर्फवहीला प्रांताचा 'वारसा' म्हणून दर्जा मिळाला, तर ती जिथे आहे तिथेच राहिली असती, आणि तिच्यासोबत वखारही. वारसा समितीने तज्ज्ञाचा अहवाल मागितला. या नोंदींवर काम करणारी मी एकटीच होते.

समिती फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी दहाला येणार होती. आदल्या दुपारी मी शेवटची फेरतपासणी करत होते. वातारु खाली खुर्च्या पुसत होता आणि शीळ घालत होता.

वही तेहतीस. डिसेंबरचं शीर्षक किनुबाईंच्या टपोऱ्या अक्षरांत: 'शोवा त्रेसष्ट, डिसेंबर.' मी पान उलटलं.

'हेइसेइ पहिलं वर्ष, जानेवारी.'

त्याखाली एक जानेवारीची ओळ. दोन. तीन. पाच जानेवारी, माझा जन्मदिवस, बेचाळीस सेंटिमीटर.

दुसऱ्या कुणाला काही दिसलं नसतं. आज ते वर्ष सगळीकडे तसंच लिहितात. पण एक जानेवारीच्या सकाळी सात वाजता ते नाव या जगात कुणालाच माहीत नव्हतं. ते कळायला अजून सव्वासहा दिवस होते.

ही ओळ त्या सकाळी लिहिलेली नव्हती.

मी खिडकीपाशी वही नेली आणि भिंग लावलं. आकड्यांत काही वावगं नव्हतं. जरा जास्तच सरळ होते, इतकंच. मग नजर शिक्क्यांवर गेली. 'तोगाशी'ची चित्रलिपीतली दोन अक्षरं, चण्याएवढ्या वर्तुळात. पहिल्या तारखेचा शिक्का उलटा होता. पाय वर, डोकं खाली. दुसरीचाही. मी मोजत गेले. एकोणीस तारखेपर्यंत उलटे. वीसपासून सरळ.

एखादा शिक्का घाईत उलटा उमटतो. एकोणीस उमटत नाहीत.

जिन्यावर पावलं वाजली. वातारु वर आला. शेगडीवर तापवलेली दोन संत्री त्याने माझ्यासमोर ठेवली.

"बोटं गार पडली असतील," तो म्हणाला. मग खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "कुसाकासान, मला तुम्हाला एक विचारायचंय. पण आज विचारलं तर अहवालाला लाच दिल्यासारखं होईल... म्हणून उद्या विचारतो. दर्जा मिळो, न मिळो."

मी संत्री बाजूला सरकवली.

"उद्या कदाचित तुम्हाला विचारावंसं वाटणार नाही."

"म्हणजे?"

मी वही त्याच्याकडे वळवली. शीर्षकावर बोट ठेवलं. त्याला कळायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मी एरवी मोजते. मग भिंग त्याच्या हातात दिलं. तो एकेका शिक्क्यावरून सरकत गेला. छपरावरून बर्फाचा एक मोठा थर घसरला आणि मागच्या अंगणात धप्पकन पडला. आम्ही दोघंही दचकलो.

"एकोणीस दिवस," तो म्हणाला. "तेवीस हजारांतले एकोणीस."

"हो."

"कुणाला दिसणार नाही."

"मला दिसलं."

"तुम्ही शोवा चौसष्टच्या म्हणून!"

"हो. म्हणूनच."

त्याने भिंग खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातली थट्टा पुरती गेली होती. "आणि तुम्ही ते लिहिलं नाहीत तर?"

मला वाटलं होतं तो विचारणार नाही. मला वाटलं होतं, याच एका गोष्टीसाठी हा माणूस वेगळा आहे. पण त्याच्यामागे ती वखार होती, आई होती, एकशे अठ्ठावीस हिवाळे होते. आणि तो विचारत होता.

"मग मी दर गुरुवारी येत राहीन," मी म्हणाले. "तुम्ही माझ्याशी गोड बोलाल. आणि मला कधीच कळणार नाही, की तुम्ही माझ्याशी बोलताय की माझ्या गप्प बसण्याशी."

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "आईचं नाव घेऊ नका. बासष्ट वर्षांची आहे ती. तिला याच गल्लीत राहायचंय."

"मी फक्त तारखा लिहिणार आहे."

"अक्षर सगळं गाव ओळखतं, कुसाकासान."

तो खाली गेला. शीळ पुन्हा ऐकू आली नाही. संत्री तशीच राहिली.

मी निघाले तेव्हा किनुबाईंनी विणकामातून मान वर केली. "एवढ्या लवकर? बस तर पाचला आहे."

"आज गावातच मुक्काम आहे, काकू."

"आणि ते भिंग घेऊन चाललीस?"

ते माझ्या मुठीतच होतं. मी ते टेबलावर ठेवलं. किनुबाईंनी भिंगाकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. त्यांच्या सुया थांबल्या.

"कुठली वही बघत होतीस?"

"तेहतीस."

"हं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा विणू लागल्या. पण टाके घालत नव्हत्या. नुसत्या सुया हलत होत्या.

सकाळी दहाला समितीचे तीन जण आले आणि बूट काढून सपातांत शिरले. अध्यक्ष कान्नो गुरुजी याच खोऱ्यातले, निवृत्त मुख्याध्यापक. पंचाहत्तरी उलटलेली, पाठ पट्टीसारखी सरळ. वातारु भिंतीला टेकून गवती बुटांकडे बघत उभा होता. त्याने मला वाकून नमस्कार केला होता, अनोळखी पाहुण्याला करतात तसा.

किनुबाईंनी चहा दिला. लाल सलगमाचं लोणचं ठेवलं. रिकामा ट्रे घेऊन त्या दाराशी गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"बोला, कुसाकासान," गुरुजी म्हणाले. "एकही सकाळ चुकलेली नाही, असं बाहेर लिहिलंय. खरं आहे?"

मी अहवाल मेजावर ठेवला. "अहवालाच्या तिसऱ्या परिच्छेदात..." मी सुरुवात केली. मी पुढची ओळ शोधली. "वही तेहतीसमध्ये..."

"थांब, पोरी."

ट्रे दाराशी ठेवून किनुबाई पुढे आल्या.

"ते तू सांगायचं नाहीस. माझं आहे ते. गुरुजी, त्या जानेवारीचे पहिले एकोणीस दिवस मी मोजले नाहीत. मी इथे नव्हतेच."

"आई," वातारु म्हणाला.

"गप रे. एकतीस डिसेंबरला सणाचं सगळं रांधलं. डबे रचले, रुमालात बांधले. पाहुण्यांची अंथरुणं घातली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोराला पाठीला बांधून पहिल्या गाडीने निघून गेले. परत यायचं नाही म्हणून गेले." त्यांनी गुडघ्यांवर हात पुसले, हात कोरडेच होते. "बहिणीकडे. समुद्रावर."

खोलीत किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं.

"मामंजींनी खांबाकडे पाय टाकला नाही. ते आता सुनेचं काम होतं ना! मी परत आले त्या संध्याकाळी त्यांनी वही पुढ्यात टाकली. म्हणाले, भर. तोगाशींची सकाळ चुकली हे गावाला कळता कामा नये. मी भरली. शीर्षक लिहिताना चूक झाली... शक बदललाय हे डोक्यात होतं, कधी बदलला ते नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शीर्षक चुकून झालं. शिक्के नाही."

एका सदस्याने वही ओढून घेतली, डोळ्यांजवळ नेली. "उलटे आहेत," तो पुटपुटला.

"परत का आलात?" गुरुजींनी विचारलं. आवाज चौकशीचा नव्हता.

"राहायला जागा नव्हती, हे एक. आणि..." किनुबाई जरा हसल्या. "तिथे रोज सातला आपोआप जाग यायची. बाहेर जायचे. तर मोजायला बर्फच नसायचं."

वातारु भिंतीपासून सुटला होता. "म्हणजे समुद्र होता," तो म्हणाला. "संत्रं..."

"होतं. मीच सोललं होतं. तीस वर्षं तुला स्वप्न म्हणून सांगितलं, ते या वहीपेक्षा जास्त टोचलंय मला."

त्याने मान खाली घातली. खांदे हलले की नाही हे मी पाहिलं नाही. मी नजर वळवली.

कान्नो गुरुजींनी चहाचा पेला फिरवला. "त्या वर्षी पंधरा जानेवारीला शाळेची स्कीची शर्यत होती. मी भरवत होतो. रद्द करावी लागली. आज सगळे म्हणतात, सम्राटांच्या दुखवट्यामुळे. पण दोन दिवस पाऊस पडला होता, मैदानात नुसता चिखल होता. आणि ही वही म्हणते, चव्वेचाळीस सेंटिमीटर." त्यांनी पेला खाली ठेवला. "हे मी गेल्याच आठवड्यात समितीकडे आलेल्या आकड्यांत पाहिलं. आज इथे कुणी तोंड उघडतं का, ते बघायला आलो होतो. उघडलं नसतं तर मी सही करणार नव्हतो."

मग ते माझ्याकडे वळले. "आता तुम्ही सांगा. ज्या वहीत एकोणीस दिवस खोटे आहेत, तिचे बाकीचे तेवीस हजार कशाच्या जोरावर खरे मानायचे?"

"कारण खोटं लिहिणाऱ्या बाईलाही शिक्का सरळ मारवला नाही," मी म्हणाले. "मी एक्केचाळीसही वह्यांचे शिक्के काल रात्री काढलेल्या फोटोंवरून पाहिले. सलग उलटे असे एवढेच. बाकीचे आकडे शेजारच्या तीन नोंदणी-केंद्रांशी जुळतात. माझं मत लेखी दिलं आहे. एकोणीस दिवस वगळून ही वही विश्वासार्ह आहे."

तिघं शेजारच्या खोलीत गेले. अकरा मिनिटं. किनुबाईंनी माझ्यासमोरचं लोणचं माझ्याकडे सरकवलं. "खा. रंग उडालाय तुझा." वातारु एकदाही माझ्याकडे वळला नाही.

दार सरकलं. गुरुजी दाराशीच बोलले. "शिफारस करतो आहोत. अट एकच. बाहेरची ती पाटी आजच्या आज बदला."

गाडी गेल्यावर मी बाहेर आले. बर्फ थांबलं होतं. वातारु शिडीवर चढून पाटीचे स्क्रू काढत होता. मी शिडी धरली. कुणी सांगितलं नव्हतं.

"काल मी तुम्हाला विचारायला नको होतं," तो वरूनच म्हणाला. "लिहिलं नाहीत तर काय, ते."

"नको होतं."

"रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी अर्धा रस्ता मी तुमच्या मुक्कामाकडे आलो होतो. सांगायला, की लिहा."

"मग?"

"सात वाजत आले होते. खांबाकडे परत पळालो." तो पाटी घेऊन खाली उतरला. कान लाल झाले होते, गारठ्यानेही असतील. "आज त्र्याण्णव सेंटिमीटर."

खडू काढून त्याने पाटीवर शेवटची ओळ खोडली आणि लिहिलं: 'एकोणीस सकाळी सोडून.'

"आणि दुसरं ते?" मी विचारलं. "आज विचारणार होतात."

त्याने खडू दोन बोटांत फिरवला. "ही वही एप्रिलअखेर बंद होते. त्याच दिवशी सम्राट पायउतार होतायत, शकही संपतोय. नोव्हेंबरला नवी वही, नवं नाव. पहिलं शीर्षक लिहायला बिनचूक माणूस हवंय."

"नव्या शकाचं नाव काय आहे?"

"अजून जाहीर नाही झालं."

"मग आत्ता नाही लिहिता येणार."

"नाही. थांबावं लागेल." तो थांबला. "आणि मोजणी सातला असते..."

"पहिली बस नऊ पन्नासला येते."

"तेच तर. म्हणजे आदल्या दिवशी यावं लागेल. किंवा..."

"किंवा?"

"किंवा परत जाऊच नये, शिओरी."

तीन महिन्यांत त्याने मला नुसत्या नावाने पहिल्यांदाच हाक मारली होती. माझ्या चष्म्यावर वाफ आली. मी ती पुसली नाही.

वरची खिडकी उघडली. "काय रे, झालं का विचारून?" किनुबाई ओरडल्या. "चहा निवतोय!"

माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात माझा शिक्का असतो, नेहमीच. मी तो काढला आणि त्याच्यापुढे तळहात धरला.

"शिक्का माझाच राहील," मी म्हणाले. "कुसाका."

"राहू दे," तो म्हणाला. त्याने माझी गार बोटं शिक्क्यासकट मिटली आणि हातात धरून ठेवली. "फक्त सरळ उमटव."